सिमेंटच्या एडक्याची वकिली

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी ऑस्ट्रेलियाला जाऊन आलो. धाकटा भाऊ सिडनीला नोकरीस आहे. तिकीट त्याने काढले, पासपोर्टासाठी हेलपाटे मी घातले. परत आल्यावर पुण्यात एका साहित्यिक बैठकीला जाण्याचा योग आला. तेथे एका विद्वान मित्रांनी मोठ्या आस्थेने विचारले, "मग, काय काय पाहून आलात?" मी खरे ते सांगितले. म्हणालो, "एक एडका पाहिला, पंधरा मीटर उंचीचा. एक केळे पाहिले, तेरा मीटर लांबीचे. एक मासा पाहिला. आणि एका दुकानाच्या आवारात उभी असलेली कोळंबी पाहिली, दुमजली घराहून उंच."

बैठकीत हशा पिकला. तो ओसरल्यावर मित्र म्हणाले, "अहो मास्तर, एवढे समुद्र ओलांडून गेलात आणि सिमेंटची मेंढरे बघून आलात? तिथले ऑपेरा हाउस पाहिलेत की नाही?" मी म्हटले, "पाहिले." "मग त्यावर लिहा. या बेढब वस्तूंवर काय लिहायचे? ही अभिरुचीची दिवाळखोरी आहे."

मी मॅट्रिक झालेला माणूस. त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि गेली वीसएक वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत पोरांना त्रिकोण, घन आणि मडकी काढायला शिकवतो. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून अशा बैठकीत मला एक खुर्ची मिळते, एवढेच. तेव्हा विद्वानांच्या तोंडी लागणे मला शोभत नाही, हे मला कळते. पण त्या दिवशी मी गप्प बसलो, ते मात्र चुकलेच. ती चूक येथे दुरुस्त करतो. ऑपेरा हाउसवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एडक्याची बाजू मांडणार.

आधी त्या देशाच्या रस्त्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ऑस्ट्रेलिया आपल्या देशाच्या दुपटीहून मोठा आणि वस्ती मात्र तीन कोटींच्या आत. त्यामुळे शहर सोडले की तास तास मोटार चालते आणि दोन्ही बाजूंना काय, तर गवत, निलगिरीची झाडे आणि कुंपणाच्या तारा. मध्येच एखादे गाव येते. दोन पेट्रोलपंप, एक चर्च, एक दारूचे दुकान. डोळ्याचे पाते लवते न लवते तो गाव संपते. आपल्या एस.टी.ने जाणाऱ्या माणसाला हे समजायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे एक गाव संपायच्या आतच दुसरे सुरू होते.

तिकडे घरोघर मोटारी आल्या आणि ही एवढी माणसे आपल्या दारावरून वाऱ्यासारखी निघून जातात, हे त्या गावांना दिसू लागले. त्यांना थांबवायचे कसे? १९६३ साली अॅडलेडमध्ये एका उतारूंच्या हॉटेलवाल्याने एक भला थोरला स्कॉटिश गडी उभा केला. १९६४ च्या डिसेंबरात कॉफ्स हार्बर येथे एका मळेवाल्याने रस्त्याकाठच्या आपल्या केळ्यांच्या दुकानापुढे तेरा मीटरचे केळे मांडले. मोटारी थांबू लागल्या. मग काय! १९७१ साली क्वीन्सलंडात सोळा मीटरचा अननस झाला, १९७९ साली दक्षिणेकडे किंग्स्टन गावी सतरा मीटरचा शेवंडा झाला, १९८८ साली टॅमवर्थला बारा मीटरची सोनेरी गिटार झाली. आज अशा वस्तू शेकड्याने मोजाव्यात इतक्या आहेत. लोक त्यांना नुसते 'बिग थिंग्ज' म्हणतात, म्हणजे 'मोठ्या वस्तू'. नाव ठेवण्यातही कसला आव नाही.

आम्ही सकाळी निघालो आणि दोनशे किलोमीटरांवर गोलबर्न येथे पोहोचलो. मागच्या बाकावर माझी पुतणी; तिने वहीत मोठ्या वस्तूंची यादीच केली होती आणि दर दहा मिनिटांनी विचारी, "मोठेकाका, आला का एडका?" आला. झाडांच्या वर आधी त्याची वळलेली शिंगे दिसली, मग मानेवरच्या कातड्याच्या वळ्या, मग सबंध धड. १५.२ मीटर उंच, अठरा मीटर लांब, ९७ टन वजन. अंगावर लोकरीचे कुरळे सिमेंटात असे काढलेले की, हात लावून पाहावासा वाटतो. हा एडका आहे, मेंढी नव्हे, याबद्दल घडवणाऱ्याने मागच्या बाजूने कुणालाही शंका राहू दिलेली नाही. आणि तेथेच उभे राहून लोक सर्वांत जास्त फोटो काढत होते. जवळच्या मेंढपाळीतल्या 'रॅम्बो' नावाच्या खऱ्या एडक्यावरून तो बेतला, म्हणून त्याचेही नाव रॅम्बोच. पोटात खाली लोकरी कपड्यांचे दुकान आणि वर लोकरीच्या धंद्याचे प्रदर्शन.

इथवर ऐकून माझे विद्वान मित्र म्हणतील, "झाले ना? जाहिरात ती!" थांबा. पुढची हकीकत ऐका.

एडका बांधला १९८५ साली, सिडनी-मेलबर्न हमरस्त्याच्या कडेला. तो रस्ता तेव्हा गोलबर्नमधून जाई. १९९२ साली गावाला वळसा घालणारा नवा रस्ता झाला आणि मोटारी बाहेरच्या बाहेर जाऊ लागल्या. एडका उभाच. समोरचा रस्ता मात्र ओस पडला. पंधरा वर्षे त्याने तशी काढली. अखेर २००७ च्या मे महिन्यात लोकांनी तो ९७ टनांचा एडका सबंध उचलला, वाहनावर चढवला आणि नव्या रस्त्याचा फाटा जेथे येतो तेथे नेऊन ठेवला. किती लांब? एक किलोमीटरसुद्धा नाही. पण तो एक किलोमीटर म्हणजे गाव दिसणे आणि न दिसणे यांतले अंतर होते.

हे मी तेथल्या पाटीवर वाचले आणि भावाकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत होता. आम्हा दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती. ती सांगायची की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण दुसऱ्याच्या अभिरुचीवर टीका करायची, तर आपली आधी उघडी करावी.

आमचे गाव जुन्या पुणे-बंगलोर रस्त्याला लागून. रस्त्यावर आबांचे हॉटेल होते. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी, एक काचेचे कपाट, त्यात भजी आणि शेव. ट्रकवाले थांबत, एस.टी.चे कंडक्टर थांबत. त्या हॉटेलवर आम्ही दोघे शिकलो. २००० नंतर रस्ता चौपदरी झाला, तेव्हा तो गावाच्या बाहेरून, उंच भरावावरून गेला. गाव खाली राहिले. आठ दिवसांत भट्टीपुढची गर्दी गेली. आबा दुपारचे बाकड्यावर बसत आणि वरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकत.

मी तेव्हा नुकताच पदविका घेऊन आलो होतो. एके दिवशी आबा तालुक्याहून दोन मोठे पत्रे घेऊन आले. मला म्हणाले, "तू चित्रं काढतोस न्हवं? मग एक कपबशी काढून दे. पण अशी दांडगी काढ, की वरल्या पुलावरनं डायवरला दिसली पायजे. कपातनं वाफ निघतीया असं दाव." मी म्हणालो, "आबा, असलं भडक मी काढणार नाही. लोक हसतील." आबा म्हणाले, "हसतील. पर बघतील तर!"

मी काढली नाही. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा रेषेची लय, रंगांची संगती आणि कसले कसले परीक्षेत विचारलेले शब्द होते. आबांनी पुन्हा विषय काढला नाही. वर्षभराने हॉटेल बंद झाले. पत्रे गोठ्यावर गेले. आबा आता नाहीत. एक कपबशी काढली असती तर हॉटेल चालले असते, असे मी म्हणत नाही. बहुधा नसतेच चालले. पण मी ती का काढली नाही, याचे कारण मला ठाऊक आहे. मला गावाची लाज वाटली होती. माझ्या मित्रांच्या हशात मला त्या दिवशी माझाच जुना आवाज ऐकू आला, आणि म्हणून मी गप्प बसलो.

आता आक्षेपांना उत्तरे देतो.

पहिला आक्षेप, या वस्तू कुरूप आहेत. मी प्रमाणबद्धता शिकवतो, तेव्हा या आक्षेपावर मला चार शब्द बोलण्याचा अधिकार आहे. डोके धडाच्या किती पट असावे हे मी फळ्यावर काढून दाखवतो. पण दिवाळी आली की माझेच विद्यार्थी अंगणात किल्ला करतात. त्या किल्ल्यात गवळण बुरुजाएवढी असते, मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही, पाणी शेंदणारी बाई विहिरीहून मोठी असते, आणि खाली अळीव पेरून केलेल्या शेतातला शेतकरी बैलजोडीसकट टेकडीएवढा असतो. आजपर्यंत कुणी विद्वान त्या किल्ल्यापुढे उभे राहून "हे प्रमाण चुकले" म्हणालेले नाहीत. का? कारण ते पोराचे प्रेम आहे हे सर्वांना कळते. ज्यावर जीव, ते मोठे. चित्रकलेचा हा पहिला नियम आहे. बाकीचे नियम नंतर शाळेत लागतात. गोलबर्नचा एडका म्हणजे मोठ्या माणसांनी केलेला दिवाळीचा किल्ला. तो ज्याला कुरूप दिसतो त्याने आपले अंगण आठवून पाहावे.

दुसरा आक्षेप, हा सारा पैशाचा खेळ आहे. आहेच. एडका लोकरी कपडे विकायलाच उभा केला, केळे केळी विकायलाच मांडले. ते लोक हे लपवीतही नाहीत. पण सारा खेळ पैशाचाच असता, तर पैसा संपल्यावर तो संपायला हवा होता. बॅलिना गावची कोळंबी पाहा. १९८९ साली ती एका विश्रांतिस्थानावर उभी केली. पुढे धंदा बसला, कोळंबीचा रंग उडाला, आणि २००९ साली नगर परिषदेने ती पाडायला परवानगी दिली. तेव्हा ती काहीएक विकत नव्हती. तरी लोकांनी ओरड केली. आमची कोळंबी पाडू नका म्हणून उठले. अखेर ती जागा घेणाऱ्या बांधकाम-सामानाच्या दुकानदाराला ती नीट करून घ्यावी लागली. २०१३ साली ती पुन्हा उभी राहिली आणि पूर्वी जी शेपटी नव्हती तीही तिला मिळाली. क्वीन्सलंडचा अननस तर २००९ साली राज्याच्या वारसायादीत गेला. टपालखात्याने २००७ साली या वस्तूंची तिकिटे काढली. ज्या जाहिरातीला लोक वारसा म्हणू लागतात, तिला केवळ जाहिरात म्हणणे हे अडाणीपणाचे आहे. मग म्हणणारा कितीही शिकलेला असो.

गोलबर्नहून आम्ही पुढे कूमा आणि तेथून अॅडमिनबी या डोंगरातल्या लहानशा गावी गेलो. तेथे दहा मीटरांचा एक ट्राउट मासा बागेत शेपटीवर उभा आहे, १९७३ चा. डोंगरात मासा कुठला? गोष्ट अशी की, स्नोई पर्वतातल्या वीजयोजनेसाठी तेथे धरण बांधले आणि जुने अॅडमिनबी त्यात गेले. १९५७ च्या सुमारास लोकांनी बरीच घरे गाड्यांवर घालून वर नव्या जागी आणली. जुनी चूल पाण्याखाली गेली. तळ्यात ट्राउट आले, आणि ते धरायला शहरातले हौशी लोक येऊ लागले. गावाने त्याच माशाला मोठे केले. मी सातारा जिल्ह्यातला आहे. कोयनेच्या पाण्याखाली कोणती गावे गेली, त्यांतली माणसे कोठकोठे पांगली, हे आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे. आपण धरणाचे चित्र पुस्तकात छापले, विजेचे आकडे पोरांकडून पाठ करून घेतले. बुडालेल्या गावांच्या नावाने रस्त्यावर मोठे असे काय उभारले, ते माझ्या विद्वान मित्रांनी मला दाखवावे. मी तेथे मोटार थांबवीन.

तिसरा आक्षेप माझ्या मित्रांनी घेतला नाही, पण तो सर्वांत खरा आहे, म्हणून मीच घेतो. पुतळा उभारला म्हणून पोट भरत नाही.

१९८५ साली एडका उभा राहिला तेव्हा लोकर जोरात होती. सरकारी आधाराने लोकरीचा किमान भाव बांधला होता. बाजारात गिऱ्हाईक नसले तर महामंडळ त्या भावाने खरेदी करी. मग रशिया आणि चीन यांनी खरेदी आटोपती घेतली. गोदामे भरत गेली. सत्तेचाळीस लाख गाठी साठल्या. १९९१ च्या फेब्रुवारीत तो आधारभाव सोडून द्यावा लागला आणि लोकर कोसळली. मेंढ्यांना चारणेही परवडेना. तेव्हा ज्या माणसांनी त्या वाढवल्या, त्यांनीच बंदुका घेतल्या, आणि लाखो मेंढ्या मारून खड्ड्यांत पुरल्या. त्या देशात १९९० साली सतरा कोटी मेंढ्या होत्या. आज निम्म्याही नाहीत. हे सारे घडत असता रॅम्बो रस्त्याच्या कडेला शिंगे वळवून उभा होता. त्याने एकही मेंढी वाचवली नाही.

हे मी मान्य करतो. कांदा मातीमोल झाला की आपल्या नाशिककडचा शेतकरी तो रस्त्यावर ओततो. लासलगावच्या बाजारापुढे उद्या वीस मीटरचा कांदा उभा केला, तर क्विंटलमागे एक रुपयाही वाढणार नाही, हे समजण्याएवढी अक्कल मॅट्रिकला असते. पण एक फरक पडतो. ज्याला आपण मोठे करून चौकात ठेवले, त्याचे मरण गुपचूप होत नाही. गोलबर्नच्या मुलाला मेंढी म्हणजे काय हे आजही पाठ्यपुस्तकातून शिकावे लागत नाही. आमच्या शाळेत मी "कांदा कोठे पिकतो?" विचारले, तर शहरातून आलेला मुलगा "पिशवीत" म्हणतो. हा विनोद नाही. असे उत्तर मी वर्गात ऐकले आहे.

आणि या वस्तू खोटे बोलत नाहीत असेही मी म्हणणार नाही. कॉफ्स हार्बरच्या केळ्याच्या पोटातून मी चालत गेलो. आत केळीच्या बागांची माहिती. बाहेर आता घसरगुंड्या, पाण्याचे खेळ, बर्फावरची घसरण. डोंगरावर केळीपेक्षा ब्ल्यूबेरीची जाळी जास्त. त्या देशातली बहुतेक केळी आता उत्तर क्वीन्सलंडातून येतात. केळे राहिले, केळी गेली. त्याहून मोठी गोष्ट पंचवीस किलोमीटर पुढे वूलगूल्गा गावी कळली. तेथे रस्त्यालगत पांढऱ्या घुमटांचा गुरुद्वारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पंजाबातून माणसे या किनाऱ्यावर मजुरीला आली, उसाच्या मळ्यांत राबली. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना त्या देशाचे दार बंद झाले. आधी आलेले कसेबसे टिकून राहिले. पुढे १९४० च्या दशकापासून त्यांतली कुटुंबे वूलगूल्ग्याला स्थिरावली आणि त्यांनी केळीच्या बागा केल्या. तेथे १९६८ साली त्या देशातला पहिला गुरुद्वारा झाला. तेव्हा त्या तेरा मीटरच्या केळ्यात पंजाबी घामही मिसळलेला आहे. पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते केळे याविषयी काही सांगत नाही. आणि ती सारी जमीन मुळात गुंबायंगिर लोकांची, हे तर मुळीच सांगत नाही. मोठ्या वस्तूच्या मागे पुष्कळ लहान माणसे झाकली जातात. पण झाकणाऱ्या केळ्याला बाजूला सारता येते. त्याची आरती कुणी करत नाही.

हाच मुद्दा मला आमच्या रस्त्यांविषयी मांडायचा आहे. आपल्याकडे मोठे करून ठेवायची हौस कमी आहे असे कुणी समजू नये. जगातला सर्वांत उंच पुतळा, १८२ मीटरांचा, २०१८ पासून आपल्याच देशात नर्मदेकाठी उभा आहे. थोरांचे पुतळे उभारावेत. त्यांना हात जोडणाऱ्यांत मी आहे. माझे भांडण दुसऱ्याशी आहे. सातारा ते पुणे हा रस्ता मी महिन्यातून एकदा करतो. प्रत्येक फाट्यावर कुणाचा तरी वीस फुटी चेहरा हसत असतो. वाढदिवस कुणाचा? ज्याचे नाव पाच वर्षांनी कुणाला आठवणार नाही त्याचा. त्याच्याभोवती टिकल्याएवढ्या चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे. त्या फाट्यावरून आत गेले की काय पिकते? आले, ऊस, स्ट्रॉबेरी, घेवडा. त्याची पाटीसुद्धा नाही. गावात कसले मडके होते, कसले घोंगडे होते, कसला पेढा होतो, हे वाटसरूने चौकशी करून शोधायचे. आपण माणसाला मोठे करतो आणि कामाला लहान.

ऑस्ट्रेलियन लोकांनीही हा प्रयोग करून पाहिला. केर्न्स गावी १९७२ पासून एका हॉटेलापुढे कॅप्टन कुकचा प्रचंड पुतळा उभा होता, हात पुढे केलेला. त्यावरून भांडणे झाली, लोक दुखावले, आणि २०२२ साली तो हलवावा लागला. अननसावरून असे भांडण झाल्याचे मी ऐकलेले नाही. अननसाने कुणाची जमीन घेतलेली नसते, त्याचा पक्ष नसतो, त्याची जयंती नसते. एडक्यापुढे उभा राहिलेला मनुष्य हसतो. पुढाऱ्याच्या वीस फुटी चेहऱ्यापुढे त्याला मान खाली घालावी लागते. मोठेपणाचे हे दोन प्रकार आहेत, आणि आपल्या विद्वानांना कुरूप दिसतो तो मात्र पहिला!

एक शेवटची गोष्ट सांगतो. मेरिनो मेंढ्यांची एक जात आहे, बुरुला मेरिनो. ज्या कूम्यावरून आम्ही गेलो त्या मुलखातली. या जातीच्या मेंढ्या एका वेळी दोन-दोन, तीन-तीन कोकरे देतात. हा गुण आला कोठून? शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला तो बंगालपर्यंत: १७९२-९३ साली कलकत्त्याहून जहाजाने तिकडे गेलेल्या लहानखुऱ्या मेंढ्यांच्या रक्तातून. सुंदरबनाकडची गारोळ मेंढी ती. आणि आमच्याच जिल्ह्यात, फलटणच्या संशोधन संस्थेने त्या गारोळ मेंढीचा हा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणण्याचे काम गेली कितीएक वर्षे केले. त्यात ऑस्ट्रेलियाचेही साहाय्य झाले. धनगराच्या वाड्यावर मेंढीला जुळी झाली, तर त्यामागे सव्वादोनशे वर्षांचा आणि दोन देशांचा इतिहास उभा असतो. फलटणच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला हे कोण सांगणार? तेथेही मी वाढदिवसाचेच फलक पाहिले.

आता माझ्या विद्वान मित्रांना थोडे सांगणे आहे. तुम्ही प्रवासवर्णने लिहिता. ती मी वाचतो. त्यांत राजवाडे असतात, चित्रसंग्रहालये असतात, कॅथीड्रले असतात. आणि राजधानी ते राजधानी यांमधली सारी माणसे झोपेत निघून जातात, कारण लेखक आगगाडीत झोपलेला असतो. तुमचे डोळे उंची मोजायला शिकले आहेत. ही उंची कुणी, कुणासाठी मागितली, हे विचारायला शिकलेले नाहीत. रस्त्याकाठी कुणी एडका उभा करतो, कुणी मासा, कुणी कपबशी, तेव्हा तो ओरडून सांगत असतो की, "आम्ही इथे आहोत, आम्ही हे करतो, जरा थांबा." त्याचा आवाज कर्कश असेल. ज्याचे कुणी ऐकत नाही त्याचा आवाज कर्कशच निघतो. त्याला सूर शिकवण्याआधी मोटार थांबवावी.

मी यंदा शाळेत चित्रकलेच्या तासाला एक विषय दिला आहे: "आपल्या गावातली कोणती वस्तू घराएवढी करावी?" पोरांनी चिक्कू काढला, पाण्याचा टँकर काढला, एकीने आईचे खुरपे काढले, एकाने मेंढी काढली ती कागदात मावली नाही म्हणून दुसरा कागद जोडला. प्रमाण कुणाचेच बरोबर नाही. मी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. आणि गोठ्यावरचे दोन पत्रे काढून आणले आहेत. गंजलेत, पण घासून पाहिले, रंग धरतील. ही दिवाळी झाली की कपबशी काढायला घेईन. हॉटेल नाही, चहा नाही, गिऱ्हाईक नाही. तरी भरावाकडेच्या आमच्या वावरात ती उभी करणार आहे. वरून जाताना माझ्या मित्रांना दिसेल. हसायला हरकत नाही.